लंगडीची पिल्लं

बुटांचा खोका. झाकणाला सुईने पाडलेली भोकं.

फ्रिज बंद पडला की आधी प्लग बघायचा. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच लाजतात.

नीबिया मावशीने तीस वर्षं टोमॅटोच्या आडोशाला गांजा लावला. टोमॅटो मात्र कधी तोंडात घातला नाही. तिला त्या बुळबुळीतपणाची शिसारी येते.

पाऊस आला की आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीतून तळणीचा वास.

चिलटाला आयुष्य मिळतं थोडंसंच, पण ते त्यातला एकही क्षण वाया घालवत नाही.

मी ओरिआना. कार्निव्हलच्या गाणाऱ्या मंडळींचे कपडे शिवते. हिवाळ्यात मला काम नसतं.

या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध? बसमध्ये चढा, सांगते.

लक्षण: खोड लांब, मान बारीक

जुलै महिना, आमच्याकडे ऐन हिवाळा. नदीवरचा वारा लोकांच्या बाह्यांतून आत शिरत होता आणि बसच्या काचांवर वाफ धरली होती. मी मांडीवर खोका धरून बसले होते. वळणावर बस कलली, खोका सरकला — आणि एक गुडघा आडवा आला.

गुडघ्याच्या मालकाच्या काखेत थर्मास होता, हातात माते, म्हणजे भांड्यातल्या सुक्या पानांवर गरम पाणी ओतून नळीने ओढायचा काढा. यात नवल काही नाही. मॉन्तेविदेओत माणसं लग्नालासुद्धा काखेत थर्मास घेऊन उभी राहतात. नवल एवढंच, की खोका सावरताना त्याने एक थेंबही सांडला नाही.

"आत काय आहे?"

"पिल्लं."

"कसली?"

"लंगडीची."

"किती?"

"तीन. दोन अजून अंड्यात आहेत."

त्याने परवानगी न विचारता भोकाला डोळा लावला. बराच वेळ.

"हिरवी आहेत," तो गंभीरपणे म्हणाला.

"हो. आईवर गेलीत."

तो हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर थोडासा चढलेला दिसला आणि मी उगाचच खिडकीबाहेर पाहिलं. वाफेमुळे बाहेर काही दिसत नव्हतं.

"तुझी पिल्लं उपाशी आहेत," तो म्हणाला.

"खत घातलंय."

"खताची नाही, उजेडाची भूक आहे. माना बघ कशा ताणल्यात. दिवा कुठे टांगलायस, छताला?"

दिवा छतालाच होता.

"खाली घे. रोपांच्या डोक्यावर हात उपडा धर. तुझ्या हाताला जी ऊब सोसते, ती त्यांनाही सोसते. आणि खोडाभोवती माती चढव. गळ्यापर्यंत."

"गळ्यापर्यंत?"

"तुझा मफलर आहे ना, तशी."

"मी रोपांच्या दुकानात दाखवायला चाललेय. तिथे जाणकार असतात."

"असतात. तीन बाटल्या विकतील." त्याने मातेत गरम पाणी ओतलं आणि भांडं माझ्यापुढे धरलं. "मी यामान्दू. फ्रिज दुरुस्त करतो. घरी गच्चीवर माझी स्वतःची झाडं आहेत."

मी नळी ओठांत धरली. कडू, गरम. "फ्रिजवाल्याला रोपांचं काय कळतं?"

"दोघांनाही खेळती हवा लागते."

"आणि माणसांना?"

"माणसांना…" तो घुटमळला. "माणसांना वेळेवर घंटी दाबणारा लागतो. तुझ्या दुकानाचा थांबा मागे गेला."

लंगडी हे आमच्या वाणाचं नाव. सेर्रो वस्तीतल्या जुन्या घरी, मागच्या अंगणात मावशीने लावलेलं पहिलं झाड तिरकं वाढलं, म्हणून लंगडी. तेव्हा हे लावणं गुन्हा होता. आता पोस्टात जाऊन नाव नोंदवलं की झालं. पण नाव नोंदवेपर्यंत मावशीच्या बोटांना गाठी आल्या, अंगण झेपेनासं झालं, आणि घर विकून आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट होती, ऊन नव्हतं. सामान हलवताना बियांच्या बरणीत पाणी शिरलं. सगळं बी कुजलं, पाच दाणे वाचले.

त्या पाचांतून झाडं उभी राहिली नाहीत, त्यांनी बी धरलं नाही, तर लंगडी संपली. मावशीने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही.

उघड्या आभाळाखालचं तिला सगळं ठाऊक होतं. दिव्याखालचं काही नाही. मला दोन्हीकडचं काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे होतं कपड्यांचं जुनं कपाट, एक दिवा, आणि आता एका फ्रिजवाल्याचा नंबर.

लक्षण: टोपी अडकली

शनिवारी तो आला. पाऊस होता, म्हणून मावशी तोर्ता फ्रिता, आमच्या पावसाळी पुऱ्या, तळत होती. बाहेर पाऊस असताना त्या न तळणं म्हणजे आमच्याकडे पावसाचा अपमान.

"हाच का तो?" मावशीने झारा त्याच्या छातीवर रोखला.

"हो, दोन्या नीबिया," तो अदबीने म्हणाला.

"नखं दाखव."

त्याने दहाही बोटं पुढे केली.

"बरी आहेत. रोपांना हात लाव, बाकी कशाला लावू नकोस."

"मावशी!"

"अगं, तळणीबद्दल म्हणतेय. पोळेल पोराला."

त्याने दिव्याला साखळी लावून तो खाली आणला. एका मेलेल्या फ्रिजमधून काढलेला छोटा पंखा कपाटाच्या कोपऱ्यात बसवला. वाऱ्याशी झोंबलं की खोड जाड होतं, म्हणाला. कुंडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "वजन लक्षात ठेव. जड असेल तर पाणी नाही. हलकी झाली की घाल. लाडाने बुडवू नकोस."

"मी लाड करते असं कुणी सांगितलं?"

"मातीने सांगितलं. चिखल झालाय."

उरलेले दोन दाणे आम्ही त्याच्यासमोरच पेरले. एक उगवलाच नाही. दुसरा उगवला, पण डोक्यावर टरफल तसंच घेऊन. आत पानं मिटलेली, वर कडक तपकिरी टोपी. पुढच्या शनिवारी यामान्दू ते बघून गुडघ्यांवर बसला.

"ओढायचं नाही. आधी ओलं करायचं."

"पाण्याने?"

"थुंकीने. पाणी घरंगळतं."

"शी! कुणाच्या?"

त्याचे कान लाल झाले. "ज्याचं… ज्याचं कपाट आहे त्याच्या."

मी करंगळी जिभेला लावली आणि टोपीला टेकवली. मग शिवणकामातला चिमटा घेतला. कपाट अरुंद. आमची दोघांची डोकी एका दिव्याखाली, त्याच्या केसांना पावसाचा आणि कुठल्याशा ग्रीसचा वास.

"श्वास सोडू नकोस," तो पुटपुटला.

"किती वेळ?"

"मी तर मघापासून धरलाय."

चिमट्यात टरफल आलं. अगदी हलकंसं, काही न मोडता. ते उडून त्याच्या बाहीवर बसलं आणि खाली दोन इवली पानं, आळस द्यावा तशी, उलगडली.

आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. रोप हललं.

"झालं का बारसं?" मावशी दारातून म्हणाली. "आता चार झाल्या. चारांत एक तरी नर निघू दे, नाहीतर बी कसं धरायचं? या घरात तेवढाच तुटवडा आहे." हे बोलताना ती रोपांकडे बघत नव्हती.

नंतर आम्ही माते प्यायलो. भांडं रिकामं झालं तेव्हा त्याने आतला ओला चोथा बोटाने उकरला आणि चारही कुंड्यांत सारखा वाटून मातीवर पसरला. मावशीने कौतुकाने मान डोलावली. आमच्याकडे चोथा कचऱ्यात टाकणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही.

लक्षण: खालची दोन पानं पिवळी

हा आजार नाही. ती बाळपानं. काम झालं की गळतात. यामान्दूने मला हे फोनवर सांगितलं.

मी फोन ठेवला नाही.

"अजून काही?" त्याने विचारलं.

"वरच्या पानाचं टोक किंचित वळलंय."

"कुठल्या बाजूला?"

"…खिडकीच्या."

"तिथून काय दिसतं?"

"रस्ता. बसथांबा."

"मग वळणारच," तो म्हणाला.

लक्षण: चिलटं

आधी एक दिसलं, दिव्याभोवती. मग कपाट उघडलं की सात-आठ माझ्या नाकात शिरायला धावायची. पानं मलूल पडली. पाणी कमी केलं तरी मलूल.

यामान्दूने पिवळे चिकट कागद टांगले. पुढच्या शनिवारी त्यांवर काळे ठिपके दाट झाले होते आणि चिलटं पहिल्यापेक्षा जास्त. त्याने मातीवर वाळूचा थर दिला. पंखा बदलला. कपाटाच्या फटींना रबर लावलं. कपाळाला आठी घालून तो माझ्या कपाटासमोर बसायचा, आणि मी त्या आठीसमोर.

"कुठून येतात?" तो स्वतःशीच म्हणायचा. "ओल कुठून येतेय?"

"थकलास तर राहू दे. माते घे."

घ्यायचा. मग आम्ही बोलायचो. त्याच्या आईबद्दल, जी फ्रिजमध्ये चपला ठेवते. माझ्या गायकांबद्दल, ज्यांची पोटं दर फेब्रुवारीत दोन बोटं वाढतात. थर्मास संपायचा. तो उठायचा, आणि चोथा कुंड्यांत.

एका दुपारी तो गेल्यावर मी सुईने कुंडीतली माती उकरली. वाळूवर पडलेला चोथा तसाच ओला होता, त्यावर करडी बुरशी, आणि खाली, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या, वळवळणाऱ्या अळ्या. थेट मुळांपाशी.

सेर्रोच्या अंगणात चोथा तासाभरात कडक वाळायचा. ऊन होतं, वारा होता. कपाटात तो वाळत नव्हता, मुरत होता.

त्याला सांगायचं? दिवसभर लोकांच्या घरचे बिघाड शोधणारा माणूस… आणि इथे बिघाड स्वतःच घेऊन येतो, प्रेमाने पसरतो, वर बोटाने थोपटतो. आणि सांगितलं, चिलटं गेली, मग? मग तो कशासाठी येणार?

मी चमचा आणला. तो गेला की चोथा खरवडून काढायचा, एवढं ठरवलं. म्हणजे कुणाचंच मन मोडणार नाही.

अळ्या मात्र तोवर खाली उतरलेल्या होत्या. त्यांना माझ्या चमच्याशी देणंघेणं नव्हतं.

लक्षण: खोड मातीलगत काळं

याला उपाय नाही.

सकाळी कपाट उघडलं तर टोपीवाली आडवी पडली होती. मातीलगतचं खोड जळक्या दोऱ्यासारखं काळं, बारीक. पानं अजून हिरवीच. तिला बातमी पोचली नव्हती.

मावशीने तिला उचलून तळहातावर घेतलं. गाठाळ बोटं मिटली. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन उरल्या," ती म्हणाली. "ओरिआना, मला आता पुन्हा तीस वर्षं नाहीत गं."

शनिवारी यामान्दू आला तेव्हा पाऊस नव्हता, तरी मावशीने तोर्ता तळल्या होत्या. तिला हाताला काहीतरी काम हवं होतं. तो रिकाम्या कुंडीसमोर उभा राहिला. मग खाली बसला.

"माझं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "मोठा पंखा लावू? की मातीच बदलू? मला सापडत का नाही?"

मी त्याला माते दिलं. तो प्यायला. मी अजूनही गप्प राहू शकले असते. त्याचा हात भांड्यात गेला, बोटावर ओला चोथा आला, आणि तो उरलेल्या तिघींकडे वळला.

मी त्याचं मनगट धरलं.

"यामान्दू. प्लग बघितलास का?"

"काय?"

मी सुईने माती उकरली. त्याने वाकून पाहिलं. मग आपल्या बोटाकडे. मग पुन्हा मातीकडे.

"हे… मी?"

"तू नाही. सवय. आपण सगळेच टाकतो. मावशीसुद्धा—"

"ती मेली ती माझ्यामुळे."

"अरे, कपाटात ऊन नाही ना, म्हणून—"

"तुला कधी कळलं?"

मी सुई पुसून बाहीत खोचली. तेच उत्तर होतं.

"मग बोलली का नाहीस? मी इथे बसून पंखे बदलतोय वेड्यासारखा!"

तू येईनासा होशील म्हणून. हे चार शब्द माझ्या जिभेवर रांगेत उभे होते. तोंडातून निघालं, "तोर्ता गार होतायत."

त्याने रिकामं भांडं माझ्या हातात ठेवलं.

"ग्रासियास," तो म्हणाला.

आमच्याकडे माते परत करताना आभार मानायचे नसतात. मानले, तर त्याचा अर्थ: बस्स, आता मला नको. सबंध हिवाळ्यात त्याने तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. मग बोटावरचा चोथा कागदात पुसला, कागद खिशात घातला आणि गेला. लिफ्ट खाली जाईपर्यंत मी भांडं धरून उभी.

लक्षण: काहीच नाही

माती बदलली. मुळं धुतली. कुंड्या वाळू दिल्या, मगच पाणी. चिलटं संपली. तिघींना नवी पानं फुटली, पाच पाच बोटांची, कडेला बारीक दाते. रोज सकाळी कपाट उघडून मी एखादी तक्रार शोधायची. मिळायची नाही.

एक शनिवार गेला. दुसराही.

"कपाटात ठीक आहे ना सगळं?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग तूच का मातीलगत काळी पडलीयेस? फोन कर त्याला. सांग, पानं पिवळी पडली."

"नाही पडली."

"मग खोटं बोल. मी तीस वर्षं पोलिसांशी बोलले, तुला एका फ्रिजवाल्याशी जमत नाही?"

मी कोट घातला. तिला वाटलं, मी खोटं बोलायलाच निघाले.

त्याचं दुकान गोएस भागात. फुटपाथवर दारं काढलेले फ्रिज ओळीने उभे, आणि त्यातल्या एकातून यामान्दूची फक्त पाठ बाहेर. माझ्या बुटांचा आवाज ऐकून तो वळला. नाकाला काळं लागलेलं.

मला बघून तो आधी माझ्या हातांकडे बघायला लागला. हात रिकामे होते.

"काय झालं? परत चिलटं?"

"नाही."

"पानं?"

"हिरवीगार."

"खोड?"

"जाड. तुझा पंखा फिरतोय अजून."

"पाणी जास्त झालं?"

"वजन बघून घालते."

"दिवा?"

"हाताला सोसतो तेवढा."

त्याने फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले. "मग बिघाड काय आहे?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"तेच सांगायला आले. काहीसुद्धा बिघडलेलं नाहीये, यामान्दू… आणि मी आलेय."

मागे कुठलातरी फ्रिज घरघरून सुरू झाला. तो फडक्याची घडी घालत राहिला. मला वाटलं, आता निघावं. बस यायची वेळ झाली असेल. बस नसली तर चालत.

"मी आलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दोन्ही शनिवारी. थांब्यापर्यंत. वर यायला कारण सुचेना. एक रोप मारलंय, आता काय म्हणून दार वाजवू? दोन्या नीबियाने खिडकीतून पाहिलं मला."

"मावशीने? मग?"

"झारा दाखवला. ये म्हणत होत्या की जा, ते वरून कळेना."

मी हसले. हसू थांबेना, आणि मग डोळ्यांत पाणी आलं, तेही थांबेना. तो घाबरून पुढे आला.

"रडतेस कशाला?"

"नाकाला काळं लागलंय तुझ्या."

"मग त्यात रडण्यासारखं काय?"

"तू येईनासा होशील म्हणून," मी म्हणाले. "त्या दिवशी विचारलंस ना, बोलली का नाहीस. म्हणून."

मी अंगठ्याने त्याच्या नाकावरचं काळं पुसलं. पुसलं गेलं नाही, गालावर पसरलं. अंगठा मी काढून घेणार होते. त्याने त्यावर आपला हात ठेवला — गार, ग्रीसचा — आणि आम्ही दोघं त्या बिनदाराच्या फ्रिजांच्या ओळीत, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसत, तसेच उभे राहिलो.

कायद्याने एका घरात फुलावरची सहाच झाडं ठेवता येतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात, आम्ही दोघी लंगडीच्या तिघींना घेऊन त्याच्या घरी राहायला जाण्याआधी, यामान्दूने स्वतःच्या सहांतली तीन झाडं वाटून टाकली.